आधी वजन बघा, मग भाव: जुन्या सामानाच्या ऑनलाइन विक्रीबद्दल

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचा आहे. बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबांकडून आणि होस्टेल सोडणाऱ्या मुलांकडून त्या जुनं सामान घेतात आणि ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, व्हॉट्सॲप यांवरून विकतात. तक्रारी तीन आहेत. गिऱ्हाईक निम्म्या भावात मागतं आणि "येतो" म्हणून येत नाही. पुण्याला पाठवलेल्या ज्युसर-मिक्सरचं पारदर्शक भांडं तडकून पोचलं आणि घेणारा आता सगळे पैसे परत मागतोय. आणि कुरिअरचे पैसे वजा केले की हातात काही उरत नाही.

ताई, मी शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन तिच्याच पोटात आहेत. वस्तू घेताना तुम्ही बघत असाल की ती चालू आहे का आणि स्वस्त मिळतेय का. मी त्याआधी बघतो की ती माझ्या घरातून बाहेर कशी जाणार. दुचाकीवर, छोट्या हत्तीत (म्हणजे छोट्या टेम्पोत), की खोक्यात? हे ठरलं की गिऱ्हाईक कुठलं असेल, भाव किती लावता येईल आणि भांडण झालंच तर कशावरून होईल, हे बरंचसं कळून जातं.

माझ्याकडे सामानाचे सरळ दोन ढीग असतात. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट, पलंग, अभ्यासाचं टेबल, सायकल हे सगळं नागपुरातच विकायचं. फार तर कामठी, हिंगणा, बुटीबोरी. अमरावतीचा कोणी "ट्रान्सपोर्टने पाठवा, भाडं मी देतो" म्हणाला तरी नाही म्हणायचं. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनपर्यंत नेणारा टेम्पो, इकडची हमाली, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), तिकडची हमाली, आणि शेवटी कपाटाच्या दाराला पोचा नेमका कुठे पडला यावरून आठवडाभर फोन. दुसरा ढीग पुस्तकं, कॅमेरे, लेन्स, कॅलक्युलेटर, मनगटी घड्याळं, हेडफोन आणि सुट्या भागांचा. यांना देशभरात कुठेही गिऱ्हाईक मिळतं, आणि इथे मुद्दाम जास्त वेळ थांबावं, कारण नागपुरात जुन्या लेन्सला विचारणारे दोन असतील तर बंगळुरू-पुण्यात वीस असतात.

मिक्सर या दोन ढिगांच्या मधोमध पडतो. म्हणून तो जमेल तितका गावातच विकावा आणि त्याची जादा भांडी सुटी पोस्टाने विकावीत. जुन्या मॉडेलचं भांडं शोधणारे लोक पुष्कळ आहेत, कारण कंपनी मॉडेल बंद करते आणि घरातली मोटर चालूच राहते.

आता कूलर. नागपुरात जुन्या सामानाचा धंदा करायचा आणि कूलर टाळायचा, हे जमणारं नाही. मृगाचा पाऊस पडला की लोकांना तो घरात नकोसा होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये मागाल त्या भावात मिळतो. फेब्रुवारी संपता संपता विचारणा सुरू होते, मार्च-एप्रिलमध्ये भाव चढतो आणि मे सरत आला की लोक "आता पंधरा दिवसांसाठी कशाला" म्हणायला लागतात. म्हणजे कमाई सगळी खरेदीच्या महिन्यात आहे. पण गच्चीवर झाकून ठेवायला जागा असेल तितकेच घ्या. पावसात उघड्यावर राहिलेल्या कूलरचा तळ मार्चपर्यंत गेलेला असतो.

लोखंडी कूलर घेताना मी पंखा नंतर चालवतो. आधी टाकी रिकामी करून तळाच्या कोपऱ्यांत चावी घासून बघतो. रंगाखालून पापुद्रे निघाले तर पाणी यंदा नाही तर पुढच्या वर्षी गळणारच. मग नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करायचा आणि मोटरला हात लावायचा. कोमट चालेल, चटका बसला तर वाइंडिंगचा, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च भावातून कापायचा. पंप वेगळा तपासायचा, तो नवा टाकायला फार लागत नाही. गवताच्या जुन्या ताट्या मात्र विकण्याआधी काढून टाकाच. वासानेच गिऱ्हाईक दारातून परत जातं. जाहिरातीत फोटोपेक्षा एक सलग व्हिडिओ टाका: बटण बंद, मग चालू, मग ताटीवरून उतरणारं पाणी, मग टाकीखालची कोरडी फरशी. ती कोरडी फरशी बघून येणारा माणूस घ्यायच्या तयारीने येतो.

लोखंडी वस्तूंना एक तळाचा भावही असतो. त्या दिवशीचा भंगाराचा दर गुणिले वजन. त्याच्या आसपास मिळाली तर घ्या. वाईटात वाईट काय होईल, भंगारवाल्याकडे जाईल.

पार्सलच्या ढिगाचं गणित वेगळं आहे. कुरिअरवाला वजन दोनदा करतो, एकदा काट्यावर आणि एकदा टेपने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. येईल ते किलो. दोन्हींत जे जास्त निघेल त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, मग आत मिक्सर चारच किलोचा का असेना. तोच मिक्सर ३५ बाय २५ बाय २८ च्या खोक्यात बसवला तर ४.९ किलो होतात. घरात मोठा खोका पडून होता म्हणून त्यात भरलं आणि उरलेल्या जागेत थर्माकोल कोंबला, तर तुम्ही हवेचं भाडं भरताय. तुमचा नफा बहुतेक तिथेच जात असावा. औषधांच्या दुकानातले रिकामे खोके मागून आणा. आकाराने बेताचे आणि पुठ्ठ्याने जाड असतात. मोठ्या खोक्याची उंची ब्लेडने कापून कमी करता येते. आणि घरी एक वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवा. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी खोका भरून, मोजून तयार हवा, "अंदाजे दोनशे लागतील" असं कधी बोलायचं नाही.

मिक्सर पाठवायचाच झाला तर तो असा भरा. भांडी मोटरवर बसवलेली ठेवू नका. झाकण काढा, भांड्याच्या आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, म्हणजे बाहेरून दाब आला तरी भिंत आत दबत नाही. पारदर्शक भांडं बहुधा यामुळेच तडकतं, आत पोकळी राहते आणि वरून दुसरं पार्सल आदळतं. भांड्याला बबल रॅपचे दोन-तीन वेढे देऊन ते वेगळ्या छोट्या खोक्यात बसवा आणि तो खोका मोठ्या खोक्यात. मोटर तळाला, रबरी पाय खाली. वायर गुंडाळून वेगळ्या पिशवीत, कारण मोकळ्या वायरीचा प्लग आतल्या आत हातोडीसारखा आपटत राहतो. प्रत्येक बाजूने चार बोटं जागा सोडून ती कागदाने ठासून भरा. मग खोका कानाशी धरून हलवा. काही वाजलं तर उघडून पुन्हा भरा. शेवटी कंबरेइतक्या उंचीवरून गादीवर नाही, फरशीवर टाकून बघा. तुमची ती छाती होत नसेल तर पॅकिंग अजून कमी आहे, कारण पुढच्या हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं वेगळी करायच्या केंद्रात, तेच होणार आहे.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये आणि ट्रकमध्ये मे महिन्यात स्वस्त टेपचा गोंद सुटतो, खोका तोंड उघडून पोचतो. रुंद टेप घ्या, आडवी-उभी दोन्हीकडून लावा आणि हाताने दाबून घासा. ग्रामोफोनच्या तबकड्या आणि कॅसेटी एप्रिल-मेमध्ये मी पाठवतच नाही. त्या उष्णतेने वाकतात आणि वाकलेल्या तबकडीला मोल नाही. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, पैसे जूनमध्येच द्या.

कशाने पाठवायचं? हलक्या वस्तू आणि आडगावचे पिनकोड यांसाठी पोस्ट. खासगी कुरिअर आडगावाला वेगळे जादा पैसे लावतात किंवा "येऊन घेऊन जा" म्हणतात, पोस्टमन मात्र दारापर्यंत जातो. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे काउंटरवर वेगळं रजिस्टर पोस्ट मागण्यात आता अर्थ नाही. अभ्यासाच्या आणि तशाच पुस्तकांसाठी मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे. ती ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून सुरू झाली आणि पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. जमिनीमार्गे जाते म्हणून वेळ लागतो, पण शंभर रुपयांच्या पुस्तकाला दुसरं काही परवडतच नाही. एक लक्षात ठेवा. स्पीड पोस्टाचं पार्सल विमा न काढता हरवलं तर भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांत जी कमी असेल तितकीच. म्हणून दोन-तीन हजारांच्या पुढच्या वस्तूचा विमा काढाच, आणि तो खर्च भावात आधीच धरा.

पुण्याला घाईचं आणि नाजूक काही असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा पर्याय आहे. संध्याकाळी पार्सल दिलं की सकाळी तिकडे, आणि मधे हब नसल्याने उलथापालथ कमी. पण समोरच्याला थांब्यावर जाऊन घ्यावं लागतं, आणि हरवलं तर भरपाईचं नाव नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकापुरतंच ठीक.

पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, अत्तर आणि स्प्रे पार्सलमध्ये टाकू नका. लिथियम बॅटरीवर विमानाने नेताना निर्बंध आहेत, पार्सल मधेच अडकतं.

भावाकडे वळतो. जुन्या वस्तूचा भाव तिच्या एमआरपीशी जोडू नका, कोणीही एमआरपी देत नाही. तीच वस्तू आज नवी, घरपोच, सणाच्या सेलमध्ये कितीला पडते, तो आकडा घ्या. तो हलला की आपला हलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवर आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवा माल उतरला आणि त्याच दिवशी आपल्या घरातला जुना टीव्हीही स्वस्त झाला, आपण जाहिरात बदलली नाही तरी. इतरांच्या जाहिराती बघताना मागितलेला भाव बघू नका. महिनाभर पडून असलेली जाहिरात म्हणजे न मिळालेला भाव. चार दिवसांत गायब झालेल्या जाहिरातीचा आकडा लिहून ठेवा.

आकडेच मांडतो. समजा एक जुना फिल्म कॅमेरा १५०० ला घेतला, ३२०० ला टाकला, २८०० ला गेला. पार्सल आणि विमा १६०, खोका-टेप-बबल रॅप ५०, लेन्स साफ करून घेतली १००, आणायला-पाठवायला पेट्रोल ६०. उरले ९३०. त्यातले दीडशेएक मी लगेच बाजूला काढतो, कारण अशाच एखाद्या विक्रीत पुढे भांडं तडकणार असतं. म्हणजे कमाई आठशेच्या आत. तुम्ही १३०० मिळाले असं समजत होतात, म्हणून हातात काही उरत नाही असं वाटतं.

जाहिरातीच्या भावात घासाघिशीला दहा-पंधरा टक्के जागा ठेवा, जास्त नको. दुप्पट लावून निम्म्यावर येणाऱ्याला लोक ओळखून असतात. आणि हंगाम सांभाळा. ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन) आणि सायंटिफिक कॅलक्युलेटर इंजिनिअरिंगचे प्रवेश होतात तेव्हा हातोहात जातात, तेच मेमध्ये होस्टेलची मुलं तुम्हाला येईल त्या भावात देऊन जातात. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची पुस्तकंही तशीच, पण आवृत्ती तपासून बघा. अभ्यासक्रम बदलला की ती रद्दीच्या भावाने जातात.

आता गिऱ्हाईक. "भैया, लास्ट कितने में दोगे?" हा संदेश वस्तू न बघता येतो, रात्री साडेअकराला येतो आणि एकाच वेळी पंधरा जणांना गेलेला असतो. त्याला आकडा देऊ नका. माझं उत्तर ठरलेलं आहे: "भाव जाहिरातीत आहे. येऊन चालवून बघा, पसंत पडलं तर समोरासमोर बोलू." फोनवर ४५०० चे ४००० केलेत की दारात आलेल्या माणसासाठी घासाघीस ४००० पासून सुरू होते, आणि बायको सोबत असेल तर ३५०० पासून. भाव एकदाच कमी करायचा, तोही त्याने पाकीट किंवा मोबाइल हातात घेतल्यावर.

"ठेवून द्या, रविवारी येतो" म्हणणाऱ्याकडून बयाना घ्या. मोठ्या वस्तूला पाचशे, छोट्याला दोनशे. बयाना मागितला की निम्मे लोक गप्प होतात आणि तेच न येणारे असतात. जाहिरातीतच लिहा, "बयाण्याशिवाय राखून ठेवत नाही." घराचा पत्ता आधी देऊ नका, नुसती वस्ती सांगा, निघाल्याचा फोन आला की लोकेशन पाठवा. घरी एकट्या असाल तर छोट्या वस्तूसाठी बर्डीचं (सीताबर्डीचं) मेट्रो इंटरचेंज बरं. खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर, प्रजापती नगर, कुठूनही आलं तरी गाडी तिथेच येते, माणसांची वर्दळ असते आणि कॅमेरेही असतात.

दोष आधी सांगा आणि फोटोत दाखवा. नुसतं "थोडा वापरलेला" नाही चालत. ओरखड्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढा. लेन्स असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून फोटो घ्या, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. खोटं सांगून विकलेली वस्तू परत येतेच, शिवाय जाण्या-येण्याचं भाडं आपल्याच डोक्यावर. माझा अनुभव तर असा की दोष स्पष्ट लिहिलेल्या वस्तूवर घासाघीस कमी होते, कारण गिऱ्हाइकाने शोधून काढण्यासारखं काही उरत नाही.

फसवणुकीचे प्रकार फार नाहीत, तेच ते फिरून येतात. आपण फौजेत आहोत, बदली झाली आहे, न बघता घेतो म्हणणारा माणूस पैसे "पाठवण्यासाठी" क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. दुसरा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतो. तिसरा बँकेसारखा दिसणारा एसएमएस पाठवतो आणि "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" म्हणून रडतो. त्याचा मोबाइल बघूच नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा आणि मगच वस्तू सोडा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते.

तडकलेल्या भांड्याचं. आधी त्यांच्याकडून बाहेरचा खोका, आतलं पॅकिंग आणि तडा असे तिन्हींचे फोटो मागा, आणि खोका फेकू नका म्हणून सांगा. कुरिअरकडे लेखी तक्रार आजच टाका. मुदत उलटली की ते ऐकत नाहीत. पॅकिंग आपलं होतं, तेव्हा नुकसान गिऱ्हाइकावर ढकलू नका, पण सगळे पैसेही लगेच देऊ नका. त्यांना दोन पर्याय द्या. एक, सुट्या भागांच्या दुकानातल्या नव्या भांड्याची किंमत आज यूपीआयने देते, मिक्सर तुमच्याकडेच राहू द्या. दोन, सगळं नीट भरून परत पाठवा, भाडं माझं, मोटर तपासून पूर्ण रक्कम देते. बहुतेक लोक पहिला घेतात, कारण चार किलोचा मिक्सर पुन्हा भरायचा कंटाळा त्यांनाही असतो. यापुढे मात्र भरतानाचा सलग व्हिडिओ काढत जा: वस्तू चालू, मागचा नंबर, भरणं, टेप, काट्यावरचं वजन, चिकटवलेला पत्ता. आणि उघडताना व्हिडिओ काढायला पैसे घेण्याआधीच सांगा. परत आलेली वस्तू आपलीच आहे का, हा वाद नंबरने मिटतो.

मोबाइल घेत असाल तर थोडं कडक व्हा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, किंवा इंग्रजी केवायएम अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. विकणाऱ्याने आपल्यासमोर गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडून फोन रिसेट करायचा, बिल किंवा लिहून दिलेली पावती आणि ओळखपत्राची प्रत द्यायची. यातलं एक जरी टाळलं तर घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला ठाऊक नव्हतं" हे पटवायला तीच पावती लागते.

कराबद्दल थोडक्यात. घरातला स्वतःचा जुना फ्रिज विकणं हा धंदा नाही. पण विकण्यासाठी घेऊन विकलं की तो धंदा, आणि माल राज्याबाहेर नियमित जाऊ लागला तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. जुन्या वस्तूंवर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये आहे, त्यासाठी प्रत्येक खरेदीची नोंद हवी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. सीएकडे एकदा तासभर बसून घ्या, आणि जाताना वर्षभराची वही न्या.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतून कधी पितळी मूर्ती, नाणी, पोथ्या येतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांहून जुनं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, देशाबाहेर तर पाठवताच येत नाही. आणि ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखाला घेतो म्हणून "नोंदणी शुल्क" मागणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच आपल्या नावाने चालणाऱ्या या प्रकाराबद्दल सावध केलं होतं.